पुजलेला पाना

मी पाना बोलतोय. नुसता पाना म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे सायकलवाल्याच्या पेटीत खुळखुळणारा दोन तोंडांचा पाना येईल. तो माझा लांबचा भाऊबंद. मी टॉर्क पाना. हातभर लांब, मुठीवर आकडे कोरलेले आणि पोटात एक दणकट स्प्रिंग. बोल्ट किती घट्ट करायचा तो आकडा माझी मूठ फिरवून लावायचा आणि मला ओढायचं. हवा तेवढा जोर लागला की मी आतून ‘कट्’ असा आवाज करतो. म्हणजे बस कर, आता ओढू नको. जन्मभर मी एवढा एकच शब्द बोलत आलो. आज जरा जास्त बोलणार आहे, तेवढं ऐकून घ्या.

माझा जन्म भोसरीतल्या एका लहानशा कारखान्यातला. तुमच्याकडे बाळ जन्मलं की पेढे वाटतात, आमच्याकडे परीक्षा घेतात. मला यंत्राला लावलं, पुन्हा पुन्हा ओढलं, माझा ‘कट्’ वेळेवर येतो का ते तपासलं आणि पास झाल्यावर चाकणच्या एका कंपनीत धाडलं. तिथे डिझेल इंजिनं बांधली जात. कंपनीतही दर काही महिन्यांनी मला पुन्हा परीक्षेला बसवत. ज्याच्यावर विसंबायचं त्याला अधूनमधून तपासावं, ही तिथली रीत मला फार आवडायची.

तिथेच मला मुरारी भेटला. चाकणजवळच्या गावातला, शेतकऱ्याच्या घरातला, मोठ्या पंजांचा आणि मऊ बोलण्याचा माणूस. त्याचं काम इंजिनाचे बोल्ट घट्ट करण्याचं. बोल्टावर मला बसवलं की तो हळूच म्हणायचा, “बोल बाबा.” मग ओढायचा, मी ‘कट्’ म्हणायचो आणि तो तिथल्या तिथे थांबायचा. आमची जोडी अशी जमली होती की दुसऱ्या शिफ्टच्या माणसाने मला उचललं तर मला परक्या घरी जेवायला बसल्यासारखं व्हायचं.

पुढे डिझेलचे दिवस फिरले. त्या इंजिनाची लाइन बंद झाली. नव्या लाइनवर बोल्ट आवळणाऱ्या, वायर लावलेल्या बंदुका आल्या. त्यांनी बोल्ट घट्ट केला की म्हणे पडद्यावर हिरवा दिवा लागतो. असो, ज्याचा त्याचा जमाना. मुरारीने स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी डिपार्टमेंटच्या लोकांनी त्याला शाल दिली, नारळ दिला आणि साहेबांची परवानगी काढून मलाही त्याच्या हवाली केलं. मुरारीने शाल खांद्यावर घेतली, नारळ पिशवीत टाकला आणि मला पोटाशी धरून तो बसमध्ये बसला. कंडक्टरने विचारलं, “काय हो, काय आहे?” तर म्हणाला, “आमचा जोडीदार हाय.”

चिखलीत त्याने पत्र्याचं गॅरेज टाकलं. सोबतीला बुद्धरत्न नावाचा मिस्त्री घेतला. पिंपरीचा राहणारा, वडील कारखान्यात कामगार होते, हा स्वतः आयटीआय करून दहा गॅरेजं फिरलेला. त्याचं माझ्याशी वागणं मुरारीपेक्षा वेगळं. तो माझ्याशी कधी बोलायचा नाही की पाया पडायचा नाही. काम झालं की फडक्याने पुसायचा, माझी मूठ उलटी फिरवून पोटातली स्प्रिंग सैल करायचा आणि पेटीत झोपवायचा. प्रेम कुणाचं जास्त होतं हे मी सांगत बसणार नाही, पण झोप मला बुद्धरत्नच्या हातून चांगली लागायची.

गॅरेजात मी माणसं पाहिली. गाडीच्या काचेवर पोराचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून घेतील, आरशाला लिंबू-मिरची बांधतील, सीटला मखमल चढवतील. इंजिनात कुणी काय केलं ते मात्र विचारायचे नाहीत. आजूबाजूच्या काही गॅरेजांत तर स्क्रू-ड्रायव्हरची छिन्नी व्हायची आणि पान्याचा हातोडा. बोल्ट हातानेच आवळायचे, वर “आपला हातच मशीन हाय राव” म्हणून छाती फुगवायची. मुरारी कधी असं बोलला नाही. तो गिऱ्हाइकाला मला दाखवायचा आणि सांगायचा, “ह्यो बोलल्याबिगर आमी इंजिनाचं झाकण लावत न्हाई.” मला फुशारकी वाटायची. का वाटू नये?

त्याच गॅरेजात एका श्रावणात तनुजाची गाडी आली, म्हणजे दोरी बांधून ओढतच आणली. सात जणांची जुनी डिझेल गाडी. तनुजा रुपीनगरची. लग्नाआधीपासून कंपन्यांत कंत्राटी कामाला होती. तिथे दर काही महिन्यांनी ब्रेक देतात, मग पुन्हा गेटवर उभं राहायचं, पुन्हा नव्याने नाव लिहायचं. त्याला ती इतकी कंटाळली की गाडी चालवायला शिकली, सेकंडहँड गाडी घेतली आणि बायकांना कंपनीत नेण्या-आणण्याचं काम धरलं. “आता माझा ब्रेक मीच घ्यायचा,” असं हसून म्हणायची. मला ती आवडली. गाडीचा कोणता आवाज कधी सुरू झाला ते ती नीट सांगायची, आणि हे फार कमी लोकांना जमतं.

आवाज आतून होता. क्रँकचे, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचे, बेअरिंग गेले होते. अख्खं इंजिन उघडावं लागलं. क्रँक घासायला भोसरीच्या लेथवर गेला आणि तिथेच अडकून बसला. आज देतो, उद्या देतो. गणपती गेले, पितृपंधरवडा गेला, घट बसले. इकडे तनुजा टांगणीला. यशवंतराव नावाचा गाड्यांचा ठेकेदार चाकणला नवा रूट सुरू करणार होता, आणि त्याने तिला बजावलं होतं की दसऱ्याला सकाळी नारळ फुटेल तेव्हा गाडी कंपनीच्या गेटवर उभी पाहिजे. उभी असेल तर रूट तुझा, नसेल तर मागे माणसं रांगेत आहेत. तो रूट गेला तर तिला पुन्हा कंत्राटी लाइनवरच उभं राहायला लागणार होतं. ती रोज येऊन उघड्या इंजिनाकडे बघून जायची.

आता खंडेनवमीचं सांगतो. आमच्याकडे नवमीला हत्यारांची पूजा असते. मुरारीची आई गिरजाबाई गावाकडून सकाळीच ताट घेऊन आली. मुरारीने सगळी हत्यारं रॉकेलने धुतली, पाटावर लाल फडकं अंथरलं आणि मांडामांड केली. पाने, पक्कड, हातोडे, जॅक. मधोमध मला ठेवलं. गिरजाबाईने माझ्या मुठीला हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. खोटं कशाला बोलू, मी सुखावलो. ज्याला लोखंडच म्हणतात त्याच्या वाट्याला हार कितीदा येतो?

आणि त्यांच्या घरचा नेम असा की पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपट्याचं सोनं वाटून होईपर्यंत उचलायचं नाही. त्याला विसावा द्यायचा. गिरजाबाईच्या तरुणपणी औत, कोयते, विळे यांनाही असाच विसावा मिळायचा. नेम चांगला आहे. थकलेल्याला बसू द्यावं, यात वाईट काय?

पूजा झाली, प्रसाद वाटला, आणि दुपारी लेथवाल्याचा टेम्पो दारात उभा राहिला. क्रँक आला होता. त्याच्या मागोमाग तनुजाही आली.

“दादा, होईल ना हो सकाळपर्यंत?” तिने विचारलं.

मुरारीने क्रँककडे पाहिलं, मग पाटाकडे.

बुद्धरत्न सरळ बोलला. “होतंय की. सुट्टे भाग सगळे तयार आहेत. फक्त टॉर्क पाना लागंल.”

“त्याची पूजा झालीय,” मुरारी म्हणाला.

“मग मी उचलतो दादा. मला काय नेम नाही, मला चालतंय. काम झालं की धुऊन परत जागेवर ठेवतो. उद्या तर मी घरच्यांना घेऊन देहूरोडला जाणार, धम्मचक्र दिन आहे. आजच उरकून टाकू.”

तो पाटाकडे दोन पावलं आलासुद्धा. माझ्या मनात आलं, सुटलो. पण गिरजाबाई मध्ये उभी राहिली. रागाने नव्हे, अगदी समजुतीने.

“तुला चालंल रं बाबा. हत्याराला न्हाई चालायचं. देवीच्या म्होरं बसलंय ते.”

बुद्धरत्न थांबला. त्याने मुरारीकडे पाहिलं. मुरारीने खाली पाहिलं. एवढ्या एका क्षणात सगळं ठरलं. बुद्धरत्नने हात मागे घेतले आणि तो ते फडक्याला पुसत राहिला. ते स्वच्छच होते.

तनुजा रडवेली झाली. “आजी, उद्या गेटवर गाडी नसली तर माझं सगळंच गेलं हो.”

गिरजाबाईचं काळीज काही दगडाचं नव्हतं. ती इकडेतिकडे बघू लागली. बाकाखाली तेलाच्या डब्याआड एक जुना रिंग पाना पडला होता. धुताना राहून गेलेला, गंज चढलेला. तिने पायाने तो पुढे सरकवला.

“ह्याला कुंकू लागलं न्हाई. ह्यो घ्या की. ह्याला कोन न्हाई म्हनतंय?”

आणि मुरारीचा चेहरा उजळला. त्याला सुटका सापडली. नेमही मोडायचा नाही आणि पोरीचंही काम करायचं. त्याने लेथवाल्याच्या टेम्पोतून एक पाइपचा तुकडा घेतला, जोर लावायला. पाइपलाही कुंकू नव्हतं. शेजारच्या गॅरेजातून बाकीची किरकोळ हत्यारं आली. ते दसऱ्याच्या दिवशी पूजा करत, म्हणून त्यांची आज मोकळी होती. टॉर्क पाना त्यांच्याकडे नव्हता. तो त्या गल्लीत फक्त मुरारीकडे होता, आणि हार घालून बसला होता.

इंजिनात पिस्टनला जोडलेला एक दांडा असतो, त्याला रॉड म्हणतात. त्याचं खालचं तोंड क्रँकभोवती बसवून दोन बोल्टांनी आवळतात. गाडी पळत असते तेव्हा ते बोल्ट अखंड हिसके खात असतात. ढिले राहिले तर सुटतात. जास्त आवळले तर आतून ताणले जातात, वरून दिसत मात्र काहीच नाही. म्हणून तर माझ्यासारख्याला जन्माला घालतात.

मुरारीने गंजका पाना बोल्टावर बसवला, त्याला पाइप लावला आणि ओढलं. सवयीने तो थांबून ऐकू लागला. त्याच्या हाताने इतकी वर्षं फक्त माझ्या आवाजाची वाट पाहिली होती. कुठे थांबायचं ते त्या हाताला स्वतःहून कधी शिकावंच लागलं नव्हतं. गंजका पाना काय बोलणार?

“बास झालं दादा,” बुद्धरत्न म्हणाला.

“असू दे, थोडं अजून. बाईमाणसं बसनार हायेत गाडीत. ढिलं राहायला नको.”

आणि त्याने आणखी ओढलं. एकेका बोल्टाला आणखी थोडं. हे मी माणसांत नेहमी पाहिलंय. काळजी वाटली की ती जोर लावतात. मुलाला जास्त भरवतात, निरोप देताना हात जास्त दाबतात, बोल्ट जास्त आवळतात. मी पाटावरून बघत होतो. माझ्या पोटात स्प्रिंग ताणलेली होती, कारण पूजेच्या गडबडीत ती सैल करायची राहून गेली होती. मी तळमळत होतो. पण मला कुणी ओढल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, हे माझं नशीब.

रात्री उशिरा गाडी सुरू झाली. आवाज गोड होता. तनुजा मुरारीच्या पाया पडायला वाकली तर त्याने तिला वरच्यावर धरलं. दसऱ्याला सकाळी गेटवर नारळ फुटला तेव्हा झेंडूच्या माळा घातलेली तिची गाडी रांगेत पहिली होती, असं तिने फोन करून सांगितलं. मुरारीने तो फोन स्पीकरवर लावला. गिरजाबाई म्हणाली, “बघा, देवीनं संभाळलं.”

देवीने दिवाळी होऊन तुळशीच्या लग्नापर्यंत सांभाळलं. मग एका सकाळी मोशीच्या पुढे, चाकणच्या रस्त्यावर, शिफ्टच्या बायका घेऊन जाताना रॉडचा एक बोल्ट तुटला. रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला, तेल रस्त्यावर सांडलं. तनुजाने कशीबशी गाडी कडेला घेतली. कुणाला खरचटलंही नाही, बायका रिक्षा करून कामावर गेल्या. यशवंतरावाने दुपारच्या शिफ्टला दुसरी गाडी लावली. फुटलेलं इंजिन बांधता येत नाही. नवं घालण्याची तिची ऐपत नव्हती. गाडी कुदळवाडीच्या भंगारात गेली आणि तनुजा पुन्हा कंपनीच्या गेटवर कंत्राटी माणसांत जाऊन उभी राहिली.

गाडी भंगारात जाण्याआधी बुद्धरत्नने आतून तो तुटका बोल्ट काढून आणला आणि मुरारीच्या हातावर ठेवला. “बघा दादा. मधे कसा बारीक झालाय. ओढून ओढून ताणला गेलाय. जास्त आवळला आपण.”

मुरारीने तो बोल्ट उजेडात धरून फिरवून पाहिला. मला वाटलं, समजलं त्याला. कंपनीत असा बोल्ट त्याने लांबून ओळखला असता. पण समजणं वेगळं आणि सोसणं वेगळं. ज्या हाताने मायेने ओढलं त्याच हाताने पोरीचा संसार रस्त्यावर आणला, हे त्याला सोसवेना.

“बोल्टच डुप्लिकेट असंल,” तो म्हणाला.

गिरजाबाईने डोळ्याला पदर लावला. “नवमीला कामच करू ने. मी तवाच म्हनत व्हते.”

म्हणत नव्हती. मी तिथेच होतो. पण मुरारीने तिचं बोलणं बुडत्याने हात धरावा तसं धरलं. व्हय, त्या दिवशी गाडीला हात लावायलाच नको होता. देवीपुढचा विसावा मोडला, म्हणून झालं. त्याला झोप लागेल असं एकच कारण सापडलं होतं, आणि तेच त्याने खरं मानलं.

मग मला खाली उतरवलंच नाही. मुरारीने पत्र्याच्या भिंतीला फळ्या ठोकून कोनाडा केला, लाल बल्ब लावला आणि मला तिथे बसवलं. रोज उदबत्ती, दर मंगळवारी हार. इंजिनाची कामं त्याने सोडून दिली. आता तो ऑइल बदलतो, पंक्चर काढतो. बुद्धरत्न रावेतच्या एका वर्कशॉपमध्ये निघून गेला. जाताना त्याने विचारलं होतं, “दादा, हा मला द्या. तिथं कामाला येईल.” मुरारी दचकला. “देवाला वाहिलेली वस्तू देतात का रं?” बुद्धरत्नने माझ्याकडे एकदा पाहिलं, खांद्याला पिशवी अडकवली आणि गेला. खरं सांगू शकणारा तेवढा एकच माणूस होता.

आता माझ्या मुठीवर कुंकवाचा थर बसलाय, आकडे दिसत नाहीत. स्प्रिंग त्या दिवसापासून ताणलेलीच आहे. अशी ताणून ठेवलेली स्प्रिंग थकते, खोटं बोलायला लागते. उद्या कुणी मला खाली घेतलं तरी माझा ‘कट्’ खरा असेल याची मला खात्री नाही. मला परीक्षेला बसवणारं कुणी उरलेलं नाही.

तुमच्या घरात, दुकानात असं एखादं हत्यार असेल तर त्याची पूजा जरूर करा, आम्हालाही बरं वाटतं. पण काम निघालं तर त्याचा हार काढून ठेवा. आम्ही रागावत नाही, आमचे देवही रागावत नसावेत.

यंदाच्या नवमीला तनुजा आली. पहिली शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या निळ्या कोटातच आली होती. हातात झेंडूची फुलं. त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच गॅरेजात पाऊल टाकत होती. मुरारी उठून उभा राहिला.

“दादा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका,” तीच म्हणाली. “चूक माझी होती. मी घाई केली. माझ्यामुळं तुमचा नेम मोडला.”

“न्हाई गं पोरी, मीच नको म्हनायला पायजे होतं.”

दोघंही एकमेकांचं ओझं उचलायला धडपडत होती आणि दोघांच्याही हातात भलतंच ओझं होतं. मग ती कोनाड्यापाशी आली. फुलं वाहिली, बोटाने कुंकू घेतलं, आकड्यांवर लावलं आणि माझ्या मुठीला कपाळ टेकवलं.

“माफ कर देवा,” ती म्हणाली. “परत असं न्हाई करणार.”

तिचं कपाळ गरम होतं. माझ्या आत तो एक शब्द दाटून आला होता. पण ती मला फक्त टेकली, तिने मला ओढलं नाही.